तपासणीच्या फॉर्ममधला शेवटचा रकाना

वळचण

परवा जुन्या फायली आवरताना इंटर्नशिपच्या काळातला तपासणीचा एक फॉर्म हाती लागला. (मी फिजिओथेरपिस्ट. कामाला लागून चौदा वर्षं झाली.) चार पानांचा फॉर्म. साडेतीन पानांवर नुसतं शरीर आहे: उभं राहण्याची ढब, मणक्याचा बाक, कंबर किती वाकते, कुठला स्नायू कमजोर, पाय सरळ उचलल्यावर कळ कुठवर जाते, बोटांनी दाबल्यावर कुठला मणका 'घट्ट' लागतो. शेवटच्या पानावर अगदी तळाशी एक ओळ: "मनोसामाजिक / इतर". त्यापुढे माझ्याच अक्षरात, "विशेष काही नाही."

माणूस आठवला. मालाच्या गाड्यांवर खोकी चढवायचं काम, कंबरेपासून मांडीपर्यंत ठणका, गंभीर आजाराचं लक्षण एकही नाही. चौथ्या की पाचव्या भेटीत शर्टाची बटणं लावता लावता त्याने विचारलं, "मॅडम, पुन्हा वाकलो तर पाय जाणार नाही ना?" मी म्हणाले, "मग वाकूच नका ना. काळजी घ्यायची." तो मान डोलावून गेला. मला वाटलं, किती जबाबदारीने बोललो आपण.

त्या एका प्रश्नात सगळं होतं. वाकणं धोक्याचं ही समजूत, पाय जाईल ही भीती, आणि वाकल्याशिवाय दिवस भरत नाही अशी नोकरी. रकाना भरायला आणखी काय हवं होतं? मी तिथे "विशेष काही नाही" लिहिलं, वर त्याच्या भीतीवर माझ्या पदवीचा शिक्का मारून दिला.

आणि मला हे शिकवलंच नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. जॉर्ज एंगेल यांनी बायोसायकोसोशल मॉडेल (आजारात शरीर, मन आणि समाज तिन्ही बघायचं) मांडलं १९७७ मध्ये. पाठदुखीकडे याच नजरेने बघा असं गॉर्डन वॉडेल १९८७ मध्ये सांगून गेले, आणि ते स्वतः हाडांचे सर्जन होते. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली जी व्याख्या केली तिच्यातच वेदनेला संवेदनेचा आणि भावनेचा अनुभव म्हटलंय. परीक्षेत यावर टीप यायची. मी ती फार सुरेख लिहायचे. एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळं, शिसपेन्सिलीने, आत नावं.

ती वर्तुळं पेशंटसमोर उभं राहिल्यावर कुठे जातात, हे मला इथल्या लोकांकडून ऐकायचंय. मॅन्युअल थेरपी (हातांनी करायचे उपचार) शिकलेले, शिकवणारे, आणि आमच्या हाताखालून गेलेले, सगळ्यांनीच लिहा.

गुडघेदुखे

आम्ही शेवटच्या वर्षाला आहोत आणि आमच्या फॉर्ममध्येसुद्धा ती ओळ अजून तळाशीच आहे, ताई. फक्त आता तिच्यापुढे "यलो फ्लॅग्ज: आहेत / नाहीत" अशा दोन चौकटी आल्यात (यलो फ्लॅग्ज म्हणजे भीती, समजुती अशा दुखणं लांबवणाऱ्या गोष्टी). सगळे 'नाहीत'वर टिक करतात. 'आहेत' केलं तर सर विचारतात, मग काय करणार? ते कुणालाच माहीत नसतं.

खडूपाटी

शिकवणारा आहे, म्हणून थोडं आमच्या बाजूचं.

अभ्यासक्रम बदललेत. पहिल्या वर्षी वेदनेचं शास्त्र येतं, मेलझॅक आणि वॉल यांचं १९६५ चं गेट कंट्रोल (वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच कमी-जास्त होतात हा सिद्धांत) येतं, न्यूझीलंडमध्ये १९९७ साली आलेले यलो फ्लॅग्ज येतात, भीतीने हालचाल टाळण्याचं चक्र येतं. वर्गात काही कमी नाही. पण विद्यार्थी घडतो तो वॉर्डात आणि ओपीडीत, आणि तिथे वरिष्ठ त्याला दोन गोष्टी विचारतो: "लेव्हल कुठली? ग्रेड कुठला?" म्हणजे कुठल्या मणक्यावर काम केलंस आणि किती जोराने. वर्षभर रोज हेच दोन प्रश्न ऐकलेल्या मुलाला न सांगताही कळतं की दुखण्यात महत्त्वाचं काय असतं. प्रात्यक्षिक परीक्षेत मी स्वतः परीक्षक असतो. हात कुठे ठेवला, पवित्रा कसा घेतला, याचे गुण देतो. पेशंटला कशाची भीती वाटते हे तू विचारलंस का, याचा रकाना माझ्याकडच्या गुणपत्रिकेत नाही. मी तो मागितलाही नाही, हे आज इथे लिहिताना जाणवतंय.

आणि निव्वळ शरीरयंत्राचं शिक्षण म्हणजे निरुपद्रवी शिक्षण, असंही समजू नका. २०११ साली 'पेन' या नियतकालिकात एक प्रयोग आला होता. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला पाठदुखीचं बायोसायकोसोशल प्रशिक्षण, दुसऱ्याला नेहमीचं शरीररचना आणि बायोमेकॅनिक्सचं. पहिल्या गटाची हालचालीविषयीची भीती कमी झाली आणि ते पेशंटला कामावर, हालचालीवर परत जायला सांगू लागले. दुसऱ्या गटाची भीती वाढली आणि त्यांचे सल्ले आधीपेक्षा बिघडले! म्हणजे आपण वर्गात जे 'तटस्थ विज्ञान' म्हणून शिकवतो, त्यानेही मत बनतंच.

कणाकणाने

मी ऑस्टिओपॅथ, हाताने सांधे-स्नायू मोकळे करणारा. तुमच्या सगळ्यांच्या कबुलीजबाबात थोडा मिठाचा खडा टाकतो.

आमच्याकडे लोक बोलायला येत नाहीत, मान अडकली म्हणून येतात. मी हात लावतो, सांधा मोकळा होतो, माणूस मान वळवत बाहेर जातो. त्याचं घरी कुणाशी पटतं की नाही हे विचारून मी काय करू? अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये हे शास्त्र मांडलं तेव्हापासून आमची विद्या हातांची आहे. कायरोप्रॅक्टर मंडळींचंही तेच, पामर यांच्या १८९५ पासून. बोटांना जे कळतं ते प्रश्नावलीला कळत नाही. तुम्ही लोक हातातली विद्या सोडून समुपदेशक व्हायला निघालात, आणि ते तुम्हाला धड येत नाही म्हणून रडताय.

वळचण

@कणाकणाने, खडा चालेल, त्याशिवाय धाग्याला चव नाही. पण बोटांना काय कळतं यावर बोलूच. दोन अनुभवी लोकांनी एकाच पाठीवर, एकमेकांना न सांगता, 'अडलेला' मणका शोधायचा, असे अभ्यास पुष्कळ झालेत आणि एकमत फारच कमी जमतं. मोबिलायझेशनसाठी (हाताने सांधा हलवून मोकळा करण्यासाठी) लेव्हल थेरपिस्टने निवडली काय आणि चिठ्ठी टाकून निवडली काय, आराम साधारण सारखाच, असंही निघालंय. म्हणजे तुमच्या हाताने बरं वाटत नाही असं नाही. वाटतं. फक्त ज्या कारणाने वाटतं असं आपल्याला शिकवलं, ते कारण बहुधा ते नव्हे.

यासाठी आपल्याकडे किती जुना शब्द आहे: हातगुण. "त्यांच्या हाताला गुण आहे" असं आपण म्हणतो तेव्हा त्यांना मणका बिनचूक सापडतो असं कुठे म्हणतो? त्यांच्यावरचा भरवसा, त्यांचं बोलणं, त्यांनी दिलेला वेळ, न घाबरता केलेला स्पर्श, सगळं त्या एका शब्दात येतं. कॉलेजने आम्हाला हात शिकवला. गुण ज्याचा त्याने आणायचा.

कणाकणाने

हातगुण मान्य. मग तो मी चौथ्या पानावरच्या रकान्यात कसा लिहू, तेवढं सांगा. :)

दुखरी_बाजू

मी या धाग्यावर पेशंट म्हणून लिहितेय. तुमचं प्रशिक्षण बदलत गेलं तसतशी मी त्याची दोन्ही टोकं पाहिली, बहुतेक.

वयाच्या चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा कंबर धरली. ज्यांच्याकडे गेले त्यांनी एमआरआयचा पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "हा मणका बघा, ऐंशी वर्षांच्या म्हातारीचा वाटतो." ते सहज बोलले, हसून. मी पुढची तीन वर्षं मुलीला उचललं नाही. पिशवी उचलताना श्वास धरायचे. झोपेत कूस बदलतानाही जागी व्हायचे, आत काहीतरी फाटेल म्हणून. मशीन, मालीश, सांधे मोकळे करणं, सगळं झालं. दोन दिवस बरं, की पुन्हा तेच. पण ते वाक्य मात्र कुठल्याच उपचाराने निघालं नाही.

मग एक तरुण थेरपिस्ट भेटले, नुकतंच कसलं तरी नवं प्रशिक्षण घेतलेले. त्यांनी हातच लावला नाही. एक प्रश्नावली भरून घेतली. "दुखायला लागलं की तुम्हाला वाटतं का, की हे कधीच थांबणार नाही?" अशा धाटणीचे तेरा प्रश्न. बेरीज केली आणि म्हणाले, "तुमच्या पाठीत काही नाही, मेंदू जास्त धोका दाखवतोय." घरी येऊन रडले. आधीच्याने मला मोडकी ठरवलं होतं, यांनी खोटी. खरं सांगू का, मला मोडकी असणं बरं वाटलं होतं. निदान घरचे विश्वास तरी ठेवत होते.

पुढे बरी झाले. पूर्ण नाही, पण मुलीला उचलते (आता ती उचलण्याएवढी राहिली नाही, ते जाऊ द्या). तिसऱ्या बाईंनी आधी पाठ तपासली, सावकाश, प्रत्येक वेळी काय बघतेय ते सांगत. मग विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं, आत काय झालंय?" मी म्हातारीच्या मणक्याचं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तिशीतल्या, काहीही न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढले तर निम्म्यांचे असेच दिसतात." आणि जमिनीवरून उशी उचलायला लावली. त्या दिवशी दहा वेळा उचलली.

खडूपाटी

त्या बाईंना आकडा बरोबर माहीत होता. २०१५ मधल्या आढाव्यात तीन हजारांहून जास्त न दुखणाऱ्या लोकांची चित्रं एकत्र केली होती. झिजलेली डिस्क विशीतल्या ३७ टक्क्यांत, तिशीतल्या ५२ टक्क्यांत, आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांत. हा आकडा आमच्याकडे रेडिओलॉजीच्या तासाला सांगत नाहीत, वेदनेच्या तासाला सांगतात. रिपोर्ट वाचून दाखवायची वेळ येते तेव्हा मुलांना रेडिओलॉजीचा तास आठवतो.

बाकी तुमचं "झोपेत कूस बदलताना" उद्या वर्गात वाचून दाखवू का? नाव नाही घेणार.

दुखरी_बाजू

वाचा.

अधलंमधलं

मानसशास्त्रज्ञ आहे, वेदनेच्या क्लिनिकमध्ये फिजिओंबरोबर काम करते. दोन-तीन गोष्टी, विस्कळीत.

दुखरी_बाजू यांनी ज्या प्रश्नावलीबद्दल लिहिलं ती सलिव्हन यांची १९९५ ची 'पेन कॅटॅस्ट्रोफायझिंग स्केल' असावी, तेरा प्रश्नांची. तिच्या नावातच गडबड आहे. मराठीत तिचा अर्थ सांगायला जावं तर जिभेवर येतं "बाऊ करणं". आता कुणाला "तुमचा बाऊ करण्याचा स्कोअर जास्त आहे" असं सांगितलं तर तो पुन्हा येईल का? थेरपिस्टना प्रश्नावली वापरायला शिकवतात, बेरीज करायला शिकवतात, निकाल कसा सांगायचा ते कुणी शिकवत नाही. मी सांगते ते असं: "इतके महिने दुखल्यावर कुणाच्याही मनात असे विचार येतात. त्यातला कुठला तुम्हाला जास्त छळतो?"

दुसरं, "मन" हा उरलेला रकाना नाही. इमेजिंगमध्ये काही मिळालं नाही, चाचण्या ठीक आल्या, मग उरलं ते मानसिक, ही वजाबाकी मला फिजिओंकडून आलेल्या चिठ्ठ्यांत सतत दिसते. ताजा पाय मुरगळलेल्या माणसालाही भीती असते, समजुती असतात, नोकरी असते. आणि वर्षानुवर्षं दुखणाऱ्याला शरीर असतंच. २०२० मध्ये वेदनेच्या त्या आंतरराष्ट्रीय व्याख्येला नव्या टिपा जोडल्या, त्यात साफ लिहिलंय की माणसाने वेदना सांगितली तर तिचा मान ठेवावा. त्यासाठी ऊतकात बिघाड सापडायची अट नाही.

तिसरं, @कणाकणाने यांची धास्ती अगदीच चुकीची नाही. नैराश्य, आघात, जीव द्यायचे विचार, हे तुमचं काम नव्हे, ते ओळखून पुढे पाठवायचं. त्याला ऑरेंज फ्लॅग्ज म्हणतात. पण "वाकलो तर पाय जाईल" ही समजूत समुपदेशकाकडे पाठवायची गोष्ट नाही. ती तुम्हीच दूर करू शकता, कारण वाकवून दाखवणं तुमच्या हातात आहे. मी शंभर वेळा बोलून होणार नाही ते एकदा वाकून होतं.

हमालपंचे

मी त्या खोकीवाल्याच्या जागचा माणूस आहे. गोदामात काम करतो. एवढं सगळं वाचलं. मनाचं बरंच आलं. "सामाजिक" कुठे आलं?

मला फिजिओने सांगितलं, दर अर्ध्या तासाने थोडं चाला, ताणाचे व्यायाम करा. मुकादम उभा असतो डोक्यावर. त्याला सांगू का ताण घेतोय म्हणून? हलकं काम मागितलं तर म्हणाला, हलकं काम घरी आहे. माझी भीती वेडी नव्हती हो. कंबर गेली तर नोकरी जाते, हे मी दोघांच्या बाबतीत बघितलं होतं.

अधलंमधलं

हे बरोबर पकडलंत. कामाबद्दलची भावना आणि कामाची खरी परिस्थिती यांनाही नावं आहेत, ब्लू आणि ब्लॅक फ्लॅग्ज. शिकवताना यलोपाशीच गाडी थांबते, कारण ब्लॅकवर टिक केली की थेरपिस्टने मालकाला पत्र लिहायचं असतं, आणि ते अस्वस्थ करणारं काम आहे. पेशंटच्या डोक्यात दोष शोधणं सोपं. २०१५ मध्ये फिजिओंच्या मुलाखतींच्या अभ्यासांचा एक आढावा आला होता. त्यातही हेच दिसतं: बऱ्याच जणांना मन नि समाज महत्त्वाचे आहेत हे अर्धवट मान्य, पण हाताळायचं शिक्षण नाही, म्हणून ओढा पुन्हा शरीराकडे. आणि जे पेशंट त्या साच्यात बसत नाहीत त्यांना "लक्ष वेधून घेतात", "मनापासून करत नाहीत" अशी लेबलं.

कणाकणाने

@हमालपंचे, तुमच्या प्रतिसादावर माझ्याकडे उत्तर नाही. सांधा मोकळा करून मी तुम्हाला त्याच मुकादमाकडे पाठवतो हे खरंय.

पण बाकीच्यांना विचारतो, टोमणा म्हणून नाही: हे शिकायचं कसं? मला वयाच्या पन्नाशीत वीकेंडचा कोर्स देऊन "सहानुभूतीने ऐका" असं सांगितलं तर मी झोपेन.

खडूपाटी

झोपाल, आणि ते योग्यच असेल. एक-दोन दिवसांच्या कोर्सने प्रश्नावलीतली मतं सरकतात, पण पेशंटसमोरची वागणूक त्याच वेगाने सरकते असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या 'रिस्टोर' चाचणीत (२०२३, लॅन्सेट, ४९२ जुनाट पाठदुखीचे लोक) कॉग्निटिव्ह फंक्शनल थेरपी (समजुती, भीती आणि हालचाल यांवर एकत्र काम करणारा उपचार) वापरली. नेहमीच्या उपचारांपेक्षा लोकांचं रोजचं जगणं बरंच सुधारलं आणि वर्षभर टिकलं. पण त्या फिजिओंना त्याआधी सुमारे ८० तासांचं प्रशिक्षण होतं, काही महिने चाललेलं, खऱ्या पेशंटबरोबर, वर कुणीतरी बघून सांगणारं. मॅनिप्युलेशनचा झटका तुम्ही पुस्तकातून शिकलात का? कुणीतरी तुमचं मनगट धरून कोन बदलला असेल. बोलण्याचंही तसंच मनगट धरावं लागतं.

मी या सत्रात एक करून बघतोय. पेशंटच्या परवानगीने मुलाखतीचं ध्वनिमुद्रण, आणि ऐकताना एकच गोष्ट मोजायची: पेशंट बोलायला लागल्यावर विद्यार्थ्याने किती सेकंदांनी तोडलं. आधी माझी स्वतःची लावली. आकडा सांगत नाही.

वळचण

मी काय बदललं ते थोडक्यात. फॉर्म उलटा केला. पहिल्या पानावर तीन प्रश्न: काय झालंय असं वाटतं, कशाची भीती वाटते, आणि दुखणं नसतं तर उद्या सकाळी काय केलं असतं. मग हात. एक सवय अजून जात नाही, "घट्ट झालंय बघा इथे" हे तोंडातून निघतंच. स्वतःलाच चिमटा काढते.

आणि @हमालपंचे, मालकाला पत्र मी आजवर दोनदाच लिहिलंय. चौदा वर्षांत.

गुडघेदुखे

ताई, आज तुमचा पहिला प्रश्न विचारून बघितला. गुडघ्याच्या एक काकू होत्या. "तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?" त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं चुकलं काहीतरी, पण मी गप्प राहिले (खडूपाटी सरांचे सेकंद आठवून). मग म्हणाल्या, माझ्या आईचं पण गुडघ्यापासूनच सुरू झालं होतं आणि ती नंतर उठलीच नाही. त्या जिना उतरताना उलट्या का उतरतात ते तेव्हा कळलं. शेवटची ओळ पुरली नाही, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं.

आमच्या सरांनी फॉर्म घेतला, पानं उलटली, मागची बाजू बघितली नाही. म्हणाले, "गुडघा किती अंश वाकतोय?" मोजायचंच राहिलं होतं. उद्या काकूंना परत बोलावलंय.